ठिणगी आहे, पण दम नाही

आमच्या शाळेच्या ऑटोमोबाइल हॉबी क्लबमध्ये एक जुनी ३५० सीसी बुलेट आहे. पॉइंटवाली, हेडलाइटच्या वर अँपिअर मीटर असलेली. गेल्या सत्रात तिने आम्हा चौघांना चांगलेच रडवले. जागेवर उभी असताना ती छान धडधडायची. सपाट रस्त्यावर हळू चालवली तर तक्रार करायची नाही. पण पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आला आणि एमटीच्या ड्रायव्हरभैयांनी ॲक्सिलरेटर पिळला, की ती खोकायची, ठसकायची आणि बंद पडायची. (चालवायचे काम त्यांचे. आम्ही फक्त हात काळे करतो.)

मी प्लग काढला, त्याला टोपी लावली, इंजिनच्या हेडवर टेकवला आणि मित्राला किक मारायला सांगितले. ठिणगी पडली! मी लगेच जाहीर केले, "इग्निशन ओके आहे. दोष कार्बोरेटरमध्ये आहे." मग दोन रविवार आम्ही कार्बोरेटर खोलला, जेट फुंकले, फ्लोट तपासला, परत बसवला. चढ आला की बुलेट पुन्हा खोकली.

तिसऱ्या रविवारी आमचे उस्ताद वर्कशॉपमध्ये आले. ते ईएमईचे हवालदार आहेत. त्यांनी मला तीच परीक्षा पुन्हा करायला लावली, ठिणगीकडे एकदाच पाहिले आणि म्हणाले, "स्पार्क है, पर दम नहीं."

ठिणगी म्हणजे ठिणगी, तिच्यात दम कसला? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला इंजिनच्या इग्निशनची अख्खी गोष्ट कळली. ती इथे सांगतो.

बारा व्होल्टने का भागत नाही?

पेट्रोल इंजिनमध्ये पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोलच्या वाफेचे मिश्रण आत ओढतो आणि वर येताना ते दाबतो. दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पडते, ते पेट घेते आणि पिस्टनला जोराने खाली ढकलते. ही ठिणगी स्पार्क प्लगच्या टोकाशी पडते. तिथे दोन धातूंच्या टोकांमध्ये अर्धा ते पाऊण मिलिमीटरची फट असते.

फटीत तार नाही, फक्त वायू आहे, आणि वायू वीज सहजासहजी जाऊ देत नाही. उघड्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला विजेला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे प्लग बाहेर काढून हेडवर ठेवला, तर त्याच्या फटीसाठी दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात.

पण प्लगचे खरे काम बाहेर नाही, आत आहे. आत मिश्रण दाबलेले असते, म्हणजे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त रेणू कोंबलेले असतात. ठिणगी पडण्यासाठी इलेक्ट्रॉनला वेग घ्यावा लागतो, आणि वेग घेण्याआधीच तो कुठल्या तरी रेणूवर आपटतो. रिकाम्या फलाटावरून पळणे आणि सायंकाळी सहा वाजता दादरच्या गर्दीतून पळणे, यात जो फरक आहे तोच इथे आहे. वायूची घनता सात-आठपट झाली, तर लागणारा व्होल्टेजही जवळजवळ तितक्याच पटीने वाढतो. म्हणून आत दहा-पंधरा हजार व्होल्ट लागू शकतात, आणि चांगली यंत्रणा वीस-पंचवीस हजारांची तयारी ठेवते.

आता बुलेटचे कोडे उलगडते. इंजिन जागेवर हळू चालत असताना कार्बोरेटरची झडप जवळजवळ बंद असते. सिलिंडरमध्ये मिश्रण थोडेच येते, म्हणून दाबल्यावरही गर्दी कमी असते आणि अशक्त ठिणगीसुद्धा काम भागवते. चढावर झडप पूर्ण उघडते, सिलिंडर गच्च भरतो, आणि अशक्त ठिणगी त्या गर्दीत शिरूच शकत नाही.

मी प्लग बाहेर काढून जी परीक्षा घेतली होती, ती सोप्यात सोपी होती. तिच्यात आमचा दोष दिसणारच नव्हता.

उस्तादांनी दुसरी परीक्षा दाखवली. प्लगची टोपी काढून हाय टेन्शन वायरचे टोक त्यांनी कोरड्या लाकडी चिमट्यात धरले आणि हेडपासून पाच-सहा मिलिमीटर दूर ठेवले. निरोगी यंत्रणेची ठिणगी एवढे अंतर सहज ओलांडते. ती निळसर पांढरी असते आणि तिचा 'टक्' असा आवाज येतो. आमची ठिणगी दोन मिलिमीटरपर्यंत कशीबशी पोचली. रंग पिवळट, आवाज जवळजवळ नाहीच.

कॉइल: वीज तोडल्यावर जन्मणारी ठिणगी

बारा व्होल्टचे वीस हजार व्होल्ट करण्याचे काम इग्निशन कॉइल करते. तिच्यात मऊ लोखंडाच्या पातळ पट्ट्यांचा गाभा असतो. त्याभोवती तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. पहिली, म्हणजे प्रायमरी, जाड तारेची आणि काहीशे वेढ्यांची. दुसरी, म्हणजे सेकंडरी, केसासारख्या बारीक तारेची आणि हजारो वेढ्यांची. दोन्हींच्या वेढ्यांचे प्रमाण साधारण एकास शंभर असते.

फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले, की गुंडाळीतले चुंबकीय क्षेत्र बदलले की तिच्यात व्होल्टेज तयार होतो. क्षेत्र जितक्या वेगाने बदलेल तितका व्होल्टेज जास्त. आयर्लंडमधील निकोलस कॅलन या धर्मगुरू असलेल्या प्राध्यापकाने १८३६ मध्ये याच तत्त्वावर इंडक्शन कॉइल बनवली. आजच्या इग्निशन कॉइलची ती पूर्वज.

मला वाटायचे, की प्रायमरीत वीज सोडली की ठिणगी पडते. खरे तर उलट आहे. वीज सोडल्यावर प्रवाह हळूहळू वाढतो आणि गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र साठत जाते. मग प्रवाह एकदम तोडला की ते क्षेत्र क्षणात कोसळते. त्या झटक्याने प्रायमरीतच अडीचशे-तीनशे व्होल्ट उठतात, आणि सेकंडरीत त्याच्या शंभरपट, म्हणजे पंचवीस-तीस हजारांपर्यंत.

गावाकडे शेतात पाइपलाइन असेल तर हे लगेच समजेल. पाणी जोरात वाहत असताना व्हॉल्व्ह एकदम बंद केला की पाइप धडकन हादरतो. वाहत्या पाण्याचा सगळा जोर त्या एका क्षणी दाब बनून बाहेर पडतो. व्हॉल्व्ह सावकाश बंद केला तर काहीच होत नाही. कॉइलचेही तसेच आहे. प्रवाह तुटला पाहिजे आणि तो झटकन तुटला पाहिजे.

ऊर्जा किती साठते, ते आपण काढू शकतो. प्रायमरीचे इंडक्टन्स ८ मिलिहेन्री आणि प्रवाह ४ अँपिअर धरा. सूत्र आहे अर्धा गुणिले इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग. उत्तर येते ०.०६४ जूल. शंभर ग्रॅमचा पेरू साडेसहा सेंटिमीटर वर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. इतक्या थोड्या ऊर्जेतून अख्खे इंजिन चालते, कारण ठिणगी फक्त काडी पेटवते. बाकीचे काम पेट्रोल करते.

पॉइंट आणि कंडेन्सर

प्रवाह नेमक्या वेळी तोडण्यासाठी जुन्या गाड्यांत 'पॉइंट' असतात. पॉइंट म्हणजे धातूची दोन छोटी टोके, एक स्थिर आणि एक हलणारे. इंजिनसोबत फिरणारा कॅम हलणाऱ्या टोकाला ढकलतो. टोके जुळलेली असतात तेव्हा प्रायमरीत वीज वाहते. ती उघडली की वीज तुटते आणि ठिणगी पडते. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर यांची अशी यंत्रणा बनवली आणि ती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आली. त्यानंतर साठ-सत्तर वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल मोटारी याच पद्धतीवर चालल्या. आपल्याकडची पेट्रोल ॲम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी त्यातल्याच.

चार सिलिंडरांच्या गाडीत कॉइल एकच असते. तिची ठिणगी ज्याची पाळी असेल त्या सिलिंडरकडे पाठवायचे काम डिस्ट्रिब्युटर करतो. त्याच्या आत फिरणारा रोटर मेसमधल्या वाढप्यासारखा एकेका ताटापाशी जाऊन वाढत असतो. बुलेटला सिलिंडर एकच, म्हणून वाटपाचा प्रश्न नाही. तरीही पॉइंट ज्या डब्यात असतात त्याला मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरच म्हणतात.

या पद्धतीत एक अडचण आहे. पॉइंट उघडू लागले की प्रायमरीतले अडीचशे व्होल्ट त्या चिमूटभर फटीतूनच उडी मारू पाहतात. ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते. प्रवाह झटकन न तुटता रेंगाळतो, म्हणजे व्हॉल्व्ह सावकाश बंद केल्यासारखे होते. हे टाळण्यासाठी पॉइंटला समांतर एक कंडेन्सर जोडतात, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा. पॉइंट उघडताच प्रवाह आधी कंडेन्सरमध्ये शिरतो. तो भरेपर्यंत पॉइंट पुरेसे दूर गेलेले असतात आणि तिथून उडी मारता येत नाही.

उस्तादांनी डब्याचे झाकण काढले आणि भिंग माझ्या हातात दिले. आमच्या पॉइंटच्या एका टोकावर खड्डा पडला होता आणि दुसऱ्यावर बारीक टेकडी उगवली होती. दोन्ही टोके जळून काळी पडली होती. कंडेन्सर निकामी झाला होता, त्यामुळे प्रत्येक ठिणगीचा अर्धा जीव पॉइंटवरच जात होता. मी दोन रविवार कार्बोरेटर फुंकत बसलो होतो आणि दोष माझ्या अंगठ्याएवढ्या डबीत होता.

बॅटरी नसेल तर? मॅग्नेटो

केटरिंगच्या आधीही इंजिने चालत होतीच. डाइमलरच्या सुरुवातीच्या इंजिनांत ठिणगी नव्हतीच. सिलिंडरला जोडलेली एक नळी बाहेरून ज्योतीने लाल तापवलेली असे आणि दाबलेले मिश्रण तिच्यात शिरून पेट घेई. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत चार सिलिंडरांना चार लाकडी डब्यांतल्या कॉइल होत्या. जुन्या विजेच्या घंटीसारखी त्यांची पट्टी थरथरायची आणि एका ठिणगीऐवजी ठिणग्यांची सर पडायची.

सर्वात टिकाऊ ठरला तो मॅग्नेटो. त्याला बॅटरी लागत नाही. इंजिनसोबत चुंबक फिरतो, गुंडाळीत स्वतःची वीज तयार होते आणि तीच तोडून ठिणगी मिळते. १९०३ मध्ये राइट बंधूंच्या विमानात कमी व्होल्टेजचा मॅग्नेटो होता. त्या इंजिनला स्पार्क प्लग नव्हते. सिलिंडरच्या आतच दोन टोके जुळून उघडत आणि तिथे ठिणगी पडे. इंजिन सुरू करण्यापुरती बॅटरी लागायची, पण ती जमिनीवरच राहायची, कारण एकेक किलो वजन महत्त्वाचे होते. बॉश कंपनीतील गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये स्पार्क प्लगसह चालणारा उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो बनवला होता. पुढे विमानांनी तोच प्रकार उचलला.

एअर विंगच्या कॅडेट मित्रांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. पिस्टन इंजिनच्या विमानात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो. विमानाची बॅटरी पूर्ण बसली तरी इंजिन चालू राहते. एक मॅग्नेटो बिघडला तरी दुसरा घरी आणतो. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. प्रत्येक वेळी इंजिनचे फेरे किंचित कमी झाले पाहिजेत. फेरे अजिबात कमी झाले नाहीत, तर ती आनंदाची गोष्ट नव्हे. मॅग्नेटो बंद करताना त्याची प्रायमरी एका वायरने इंजिनच्या धातूला जोडली जाते. ती वायर तुटली असेल तर स्विच 'ऑफ' दाखवतो, पण मॅग्नेटो जिवंत असतो. अशा वेळी उभ्या विमानाचा पंखा कोणी सहज हाताने फिरवला, तर इंजिन पेट घेऊ शकते. म्हणूनच पंखा नेहमी जिवंत समजावा, असे शिकवतात.

एनसीसीच्या व्हायरस एसडब्ल्यू ८० या मायक्रोलाइट विमानात रोटॅक्स ९१२ इंजिन आहे. त्यात पॉइंट नाहीत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. पण ते संच दोन आहेत आणि एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. तंत्र बदलले, नियम तोच राहिला.

जमिनीवरचा मॅग्नेटो आपल्या घराघरांत होता. पुण्याजवळ आकुर्डीला बनणारी जुनी बजाज चेतक आठवते का? तिच्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक असायचे. म्हणून बॅटरीची वाट न पाहता ती किकवर सुरू व्हायची. आणि नाही झाली, तर आजोबा डिकीतून प्लगपाना आणि पॉलिश पेपर काढायचे!

वेळ चुकली की काय होते

नवे पॉइंट आणि नवा कंडेन्सर बसवल्यावर ठिणगी निळी झाली. मला राहवले नाही. उस्ताद चहाला गेले होते तेवढ्यात मी डिस्ट्रिब्युटर अंदाजाने बसवला, स्क्रू आवळला आणि किक मारली. किकचा दांडा विजेसारखा उलटा वर आला आणि माझा घोटा सुजला. एमआय रूम, क्रेप बँडेज आणि एक आठवडा एक्सक्यूज्ड पीटी.

ठिणगी दमदार होती, पण लवकर पडली होती. पिस्टन अजून वर येत असतानाच मिश्रण पेटले आणि त्याने पिस्टनला उलटे खाली ढकलले.

मिश्रण पेटायला वेळ लागतो. ठिणगीपासून ज्योत सगळीकडे पसरेपर्यंत साधारण दोन मिलिसेकंद जातात, असे धरू. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरतो आणि दोन मिलिसेकंदांत ३६ अंश. म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या बरीच आधी पडावी लागते. ९०० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात क्रँक जेमतेम ११ अंश फिरतो, तेव्हा ठिणगी उशिरा चालते. किक मारताना तर वेग आणखी कमी असतो. तेव्हा ती जवळजवळ माथ्यावरच पडायला हवी.

वेगानुसार ही वेळ बदलण्यासाठी पॉइंटच्या खाली स्प्रिंगने बांधलेली दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला थोडे पुढे वळवतात. आठवीत शिकलेली वर्तुळाकार गती इथे रोजची नोकरी करते. मोटारींत याच्या जोडीला एक व्हॅक्यूम डबीही असते. इंजिनवर भार कमी असताना ती ठिणगी आणखी अलीकडे आणते, कारण विरळ मिश्रण हळू जळते.

घोटा बरा झाल्यावर उस्तादांनी योग्य पद्धत शिकवली. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन माथ्याच्या किंचित आधी आणायचा. पॉइंटमध्ये पातळ कागद धरायचा (आम्ही पतंगाचा वापरला) आणि डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. कागद ज्या क्षणी अलगद सुटतो, तिथे पॉइंट उघडू लागतात. तिथेच स्क्रू आवळायचा. त्याआधी पॉइंटची फट फीलर गेजने मोजायची, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर.

हेडलाइटवरचा अँपिअर मीटर कशासाठी असतो, तेही तेव्हा कळले. इग्निशन चालू करून किक हळू दाबत गेलो, की पॉइंट जुळलेले असताना काटा वजाकडे झुकतो आणि उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आला म्हणजे पिस्टन माथ्याजवळ आहे. मग डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन माथ्याच्या जरा पुढे न्यायचा, आणि तेव्हाच पूर्ण किक मारायची. जुने बुलेटवाले काट्याकडे टक लावून का पाहतात, याचे मला नेहमी कुतूहल वाटायचे.

पॉइंट गेले, ट्रान्झिस्टर आला

पॉइंटची पद्धत चांगली होती, तर ती सोडली का? एक कारण आमच्या भिंगाखाली दिसलेच होते. पॉइंट झिजतात, जळतात आणि वेळ सरकते. दुसरे कारण गणिताचे आहे.

चार सिलिंडरांचे फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असताना सेकंदाला २०० ठिणग्या लागतात. प्रत्येकीच्या वाट्याला ५ मिलिसेकंद येतात. त्यातले साधारण ३ मिलिसेकंदच पॉइंट जुळलेले असतात. एवढ्या वेळात वर सांगितलेल्या कॉइलमधला प्रवाह ४ अँपिअरच्या दोन तृतीयांशापर्यंतच पोचतो. ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती निम्म्याहूनही कमी होते. इंजिनला सर्वात जास्त घाई असते तेव्हाच ठिणगी सर्वात अशक्त!

यावर दोन उपाय निघाले. पहिल्यात कॉइलचे तत्त्व तेच ठेवले, फक्त प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टरला दिले. त्याला टीसीआय म्हणतात. ट्रान्झिस्टर झिजत नाही आणि पॉइंटपेक्षा जास्त प्रवाह हाताळतो. त्यामुळे कमी वेढ्यांची, लवकर भरणारी कॉइल वापरता येते.

दुसरा उपाय सीडीआय. यात ऊर्जा कॉइलमध्ये साठवत नाहीत, कपॅसिटरमध्ये साठवतात, २०० ते ४०० व्होल्टला. योग्य क्षणी एससीआर नावाचा इलेक्ट्रॉनिक दरवाजा उघडतो आणि सगळा साठा एका दमात कॉइलमध्ये ओततो. कॉइल फक्त व्होल्टेज वाढवते. ही ठिणगी फार झटकन येते, त्यामुळे तेलाने किंवा काजळीने माखलेल्या प्लगवरही पडते. टू स्ट्रोक इंजिनमध्ये पेट्रोलसोबत तेल जळते, म्हणून तिथे ती वरदान ठरली. यामाहा आरएक्स १०० ला सीडीआय होते, आणि हिरो होंडा सीडी १०० या फोर स्ट्रोक गाडीलाही.

मग सगळीकडे सीडीआय का नाही? कारण त्याची ठिणगी जितकी झटपट येते तितकीच झटपट विझते. साधी कॉइलची ठिणगी एक-दोन मिलिसेकंद टिकते, सीडीआयची त्याच्या दहाव्या भागाइतकी. काही मोटारी पेट्रोल वाचवण्यासाठी विरळ मिश्रण वापरतात आणि विरळ मिश्रणाला ठिणगीची सोबत जास्त वेळ लागते. म्हणून मोटारींत टीसीआयचीच चलती आहे. २००३ मध्ये पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनने आणखी एक वाट दाखवली. एकाच सिलिंडरला दोन प्लग दिले, म्हणजे ज्योत दोन बाजूंनी पसरते आणि मिश्रण लवकर जळते.

प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल

पुढे डिस्ट्रिब्युटरही गेला. आधी दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल आली. तिच्या सेकंडरीची दोन टोके दोन प्लगांना जोडलेली असतात आणि दोन्हीकडे एकदमच ठिणगी पडते. एका सिलिंडरमध्ये मिश्रण तयार असते, दुसऱ्यातून धूर बाहेर पडत असतो. दुसरी ठिणगी वाया जाते, पण नुकसान काही होत नाही.

आज बहुतेक नव्या मोटारींत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर पेनासारखी बारीक कॉइल थेट बसवलेली असते. लांब हाय टेन्शन वायरच उरत नाही, त्यामुळे गळतीही नाही. प्रत्येक कॉइलला भरायला भरपूर वेळ मिळतो. क्रँकवरच्या दातेरी चाकाला जाणूनबुजून एक-दोन दात कमी ठेवलेले असतात. सेन्सर ती रिकामी जागा ओळखतो आणि पिस्टन कुठे आहे ते ईसीयूला कळवतो. वजने आणि स्प्रिंग जे काम अंदाजे करायच्या, ते संगणक दर ठिणगीला मोजून करतो. शिवाय नॉक सेन्सर सिलिंडरवर कान ठेवून असतो. धडधड ऐकू आली की ठिणगी थोडी उशिरा पाडली जाते. माझ्या घोट्याच्या वेळी हा सेन्सर असता तर!

फौजेला डिझेल का आवडते

इग्निशनचा मोठा शत्रू पाणी. ओलसर वायर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावरची वाफ विजेला प्लगपेक्षा सोपी वाट देते. नाला ओलांडताना पेट्रोल जीप मध्येच बंद पडते ती बहुधा यामुळे. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एम ३८ जीपला अमेरिकनांनी २४ व्होल्टची आणि पाणी न शिरणारी इग्निशन दिली. डिझेल इंजिनला मात्र ठिणगी लागतच नाही. तिथे हवा इतकी दाबतात की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. कॉइल नाही, पॉइंट नाही, भिजायला काही नाही. हवा आत घेण्याचे तोंड पाण्याच्या वर राहिले की झाले. पेट्रोलपेक्षा डिझेल सहज पेट घेत नाही, हा आणखी एक फायदा.

सुटीत घरी करून पाहण्यासारखे

जुनी दुचाकी रुसली तर या क्रमाने पाहा. आधी प्लगचा रंग. फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा ठिणगी अशक्त आहे. पांढराफटक असेल तर प्लग फार तापतो आहे. मग फीलर गेजने फट. मग प्लगची टोपी आणि वायर, कारण भेगा तिथे पडतात. त्यानंतर पॉइंट आणि कंडेन्सर. कॉइल सर्वात शेवटी, कारण ती क्वचितच बिघडते.

तीन गोष्टी पाळा. ठिणगी तपासताना प्लग त्याच्या उघड्या भोकापासून दूर ठेवा, कारण तिथून पेट्रोलचे तुषार उडतात. वायर उघड्या हाताने धरू नका, सीडीआय गाडीत तर मुळीच नाही. आणि टोपी काढून, प्लग न जोडता किक मारत बसू नका. विजेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती कॉइलच्या आतले आवरण फोडून वाट काढते. ही परीक्षा मोठ्या माणसांसोबतच करा.

आमच्या बुलेटचे पुढे काय झाले? चौथ्या रविवारी भैयांनी ती पाण्याच्या टाकीच्या चढावर नेली. आम्ही चौघे खाली उभे राहून आवाज ऐकत होतो. ॲक्सिलरेटर पिळला गेला, एकही ठसका आला नाही, आणि धडधड वरपर्यंत गेली. मी लंगडतच टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी जळलेले पॉइंट कागदात गुंडाळून मला दिले. ते माझ्या कपाटात आहेत. हल्ली कुठलीही वस्तू 'ओके आहे' असे म्हणण्याआधी मी स्वतःला एकच विचारतो: तपासताना तिच्यावर दाब होता का?